चहावर परतलेली कौलं

श्रद्धेची खरी कसोटी संकटात लागते, असं सगळ्या धर्मांची माणसं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. मी काही वर्षं डहाणूहून तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला जात होते. तिथे मी जे पाहिलं त्यावरून ही कसोटी मे महिन्यात, कौलं परतायच्या वेळी लागते.

कौलं परतणं म्हणजे पावसाआधी छपरावरची सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे आणि पुन्हा सगळं रचायचं. हे एकट्याचं काम नव्हे. म्हणून पाड्यावरचे सगळे पुरुष आज याच्या घरावर चढतात, उद्या त्याच्या. घरमालकानं दुपारी भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण द्यायचं, आणि सकाळपासून ताडीचं मडकं फिरतं ठेवायचं. ताडी ही मजुरी नव्हे, तो मान आहे. ताडी न देणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या दिवशी सगळ्यांची कंबर धरलेली असते, एवढंच. पैसे देऊन बाहेरचे मजूर आणता येतात, पण तसं करणं म्हणजे सगळ्या पाड्याला एकदम शिवी देण्यासारखं आहे. शिवी एकेकाला दिलेली चालते.

मी ज्या जीपनं जायची तिचा ड्रायव्हर सायवनच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा होता. डहाणू स्टेशनबाहेर गाडी भरायची, म्हणजे माणसं बसून झाली की त्यांच्या मांडीवर आणखी माणसं बसायची, आणि मग निघायची. पुढची सीट दोघींची ठरलेली: एक मी, दुसरी किनाऱ्यावरची एक मावशी. ती सुक्या मासळीची पाटी घेऊन सायवनच्या बाजाराला जायची. पाटी पायांशी, पाय माझ्या पायांवर. मी शाळेत पोचायच्या आधी माझा वास पोचायचा.

२०१४ साली मी त्या जीपनं जायला लागले तेव्हा हा ड्रायव्हर इतरांसारखाच होता. त्याच्या घरामागे स्वतःची दोन ताडाची झाडं होती आणि त्यामुळे पाड्यात त्याला मोठा मान होता. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोला ताप आला, तो डोक्यात गेला, मग छातीत उतरला. सरकारी दवाखान्यात ती बरेच दिवस पडून होती. पाड्यावरचे लोक एकदा येऊन बघून गेले. कैनादकडच्या काही बायका मात्र रोज येऊन बसायच्या. त्या तिच्या नात्यातल्या नव्हत्या, ओळखीच्याही नव्हत्या. बाजूच्या खाटेवरच्या बाईसाठी प्रार्थना करायला आल्या होत्या. ती बाई बरी होऊन घरी गेली तरी यांचं येणं थांबलं नाही. प्रार्थना करायच्या, मग तिचे केस विंचरायच्या, कपडे धुवायच्या, पेज भरवायच्या. ती बरी झाली. देवानं बरं केलं की इंजेक्शननं, हे मी एकदा ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, इंजेक्शन तर दवाखान्यात सगळ्यांनाच देतात, केस कोण विंचरतं?

तर ती दोघं विश्वासी झाली. हा त्यांचाच शब्द. ताडी सुटली. झाडं तशीच उभी राहिली, मडकी उतरली. गावदेवीच्या पूजेला घरटी कोंबडी जायची, तीही बंद झाली. आणि दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: हिच्या छातीला ओल लागता कामा नये. कोरड्यात झोपवा.

पुढची सगळी हकिगत या एका वाक्याची आहे. कारण पुढच्या मे महिन्यात पाड्यावर सगळ्यांची कंबर धरली.

त्यानं चहा आणि बिस्किटं देऊन बघितलं. त्याचा सख्खा काका पाड्यातला वडीलधारा. कुणाच्या घरावर कधी चढायचं ते तोच ठरवायचा. तो म्हणाला, चहा पिऊन माणूस छपरावर चढत नाही, ऑफिसात जातो. प्रार्थनेच्या मंडळीत बहुतेक बायकाच होत्या. पुरुष एकच, तो प्रार्थना चालवायचा आणि त्याचा एक पाय अधू होता. ड्रायव्हरनं एकट्यानं जमेल तेवढी कौलं सरकवली. पावसाळा लागला तसं घर चार ठिकाणी गळायचं ते सगळीकडे गळायला लागलं. मग तो रात्रीसाठी जीप दाराशी आणायचा आणि बायकोला मधल्या सीटवर झोपवायचा. सकाळी आम्ही त्याच सीटवर बसायचो. उशी कधी कधी तिथेच राहिलेली असायची.

गाडीत या विषयावर मोकळी चर्चा व्हायची. त्यातून त्याच वर्षी त्याची म्हैस मेली आणि गाडीचा गिअरबॉक्स गेला, त्यामुळे चर्चेला सामग्री कमी पडली नाही. मावशीचं म्हणणं सरळ होतं.

"काय रे, आमची देवी नवस फेडला नाय तर कोपते. तुझा देव फेडल्यावर पण कोपते?"

"कोपत नाय तो, मावशी."

"मग म्हैस कोणी मारली, मी?"

"म्हैस म्हातारी होती."

"हां. मग देव कशाला पायजे, म्हातारपण आहे ना."

तो हसला आणि गिअर बदलायला गेला. तो बदलला नाही.

मला वाटतं, हाच प्रश्न त्यालाही पडला असावा, कारण पुढच्या हिवाळ्यात त्यानं मला एका सभेला यायचा आग्रह केला. तलासरीजवळ हायवेच्या कडेला शेतात मोठा मांडव होता. सभा तीन संध्याकाळी चालणार होती. गुजरातेतून कुणी मोठे वक्ते येणार होते आणि विषय नेमका तोच होता. मांडवाच्या मागे स्टेजभर लांब फ्लेक्स लावला होता: 'विश्वासणाऱ्यांवर दुःख का येते?' प्रश्नाच्या शेजारी वक्त्यांचा हसरा फोटो, सूट-टायमध्ये, हात छातीवर. प्रश्न विचारताना माणूस इतका खूश क्वचितच दिसतो.

वक्ते चांगले बोलले. मी डीएडपासून सेवानिवृत्तीच्या निरोपांपर्यंत पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यामुळे माझी अपेक्षा कमी असते, हेही खरं. दुःख येतं कारण देव परीक्षा घेतो. दुःख येतं कारण देव शिस्त लावतो. दुःख सैतानही आणतो, पण देवाच्या परवानगीनं. दुःखातून आपण सोन्यासारखे शुद्ध होतो. प्रत्येक कारणाला स्पीकरमधून प्रतिध्वनी यायचा, त्यामुळे कारणं होती त्याच्या दुप्पट वाटत होती. मग त्यांनी खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाची गोष्ट सांगितली. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला, पण घर पडलं नाही. शेजारी ड्रायव्हरची बायको मन लावून ऐकत होती. पाऊस म्हटल्यावर तिनं डोक्यावरचा पदर आपोआप पुढे ओढला.

परतताना मी विचारलं, कसं वाटलं.

"लय चांगलं बोलले," ड्रायव्हर म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "पण त्या शहाण्याच्या घरावर कौलं कोणी घातली, ते नाय सांगितलं."

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

सभेसाठी त्यानं लोकांची ने-आण फुकट केली होती. मांडव सोडताना आयोजकांनी त्याला तो फ्लेक्स देऊन टाकला. फ्लेक्सचा उपयोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. भात झाकायला, गोठ्याला, गाडीच्या टपाला. त्यानं तो घडी करून सीटखाली ठेवला. दुःखाचा प्रश्न बरेच महिने स्टेपनीच्या शेजारी पडून होता.

मी त्यांच्या घरी गेले ती त्यानंतरच्या पावसाळ्यात, शाळा सुटल्यावर. आत चुलीपाशी थोडी जागा कोरडी होती आणि तिथे कैनादच्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या होत्या. प्रत्येकीनं येताना प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी कोरडं आणलं होतं. एकीनं लाकडं, एकीनं गोधडी, एकीनं दोन साड्या. ड्रायव्हरच्या घरातलं सगळं ओलं असणार हे त्यांना सांगावं लागलं नव्हतं. इथली ओली गोधडी त्या आपल्या घरी नेऊन वाळवायच्या आणि पुढच्या खेपेला घेऊन यायच्या. गाणी म्हटली, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि नाचणीची भाकरी खाऊन भर पावसात परत चालू लागल्या. दुःख का येतं याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी घरून डोकेदुखीची गोळी घेऊन गेले होते, म्हणजे मीही काहीतरी कोरडंच नेलं होतं.

तिचा खोकला त्या वर्षीही दिवाळीपर्यंत राहिला. पाड्यातली कंबरदुखी काही बरी होत नव्हती.

मग २०१८ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. बाहेरच्या लोकांना हे आता आठवत नसेल, पण तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात तो हिवाळा धक्क्यांचाच होता. आधी जमिनीतून सुरुंगासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची, मग कौलं एकेक करून घसरायची. शाळा आम्ही आंब्याखाली भरवली. मुलं खूश होती. धक्का आला की पाढे थांबायचे. लोक घरात झोपेनासे झाले. सरकारनं तंबू दिले, ते पुरले नाहीत, मग ज्याच्याकडे जे होतं ते बांबूंवर ताणलं. ड्रायव्हरनं सीटखालचा फ्लेक्स काढला. पाड्याबाहेरच्या शेतात थंडीत सगळे एका रांगेत झोपले: गावदेवीला कोंबडी देणारे आणि न देणारे, आणि मधोमध उभा तो प्रश्न.

कारण शोधणं सुरू झालंच. वक्त्यांचा मोबाइलवर संदेश फिरत आला, की ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत. पाड्यावर काहींचं मत पडलं की या घरानं देवीची कोंबडी बंद केली म्हणून धरणी कोपली. हे ड्रायव्हरच्या समोरच बोललं गेलं. तेव्हा काका म्हणाला, देवीच्या देवळाची पण कौलं पडलीत, ती काय स्वतःवर कोपली? त्यावर विषय संपला. काकानं पुतण्याची बाजू घेतली असं कुणी समजू नये. देवळाची कौलं त्यालाच बसवावी लागणार होती.

मावशीचं मत मला जास्त पटलं. ती म्हणाली, समुद्रात होडी रोज हलते, आम्ही कोणाला विचारतो काय?

त्या दिवसांत एकदा बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरची बायको गाडीत माझ्या शेजारी होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, इतकी प्रार्थना करता, आणि हे असं. म्हैस, गाडी, छप्पर, आता भूकंप. मग उपयोग काय?



"आधी काय पण झालं तर मी ह्यांच्यावर ओरडायची, बाई," ती म्हणाली. "मग हे ताडी प्यायचे, मग मारायचे. आता मी देवावर ओरडते. तो ऐकून घेतो."

ड्रायव्हरनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"आणि तो उत्तर काय देतो?" मी विचारलं.

"उत्तर कशाला पायजे. ओरडून झालं की मला झोप लागते."

मी दुःखावर पुष्कळ वाचलं आहे. त्यात शेवटी झोप लागल्याचा उल्लेख फारसा नाही.

मे आला. धक्के कमी झाले होते, थांबले नव्हते. या वेळी एकूण एक घराची कौलं परतायची होती, कारण एकूण एक घराची घसरली होती. पहिलं घर काकाचं. सगळे चढले, मडकं फिरलं, दुपारी एक बारकासा धक्का आला, आणि काका आढ्यावरून घसरत थेट खालच्या पेंढ्यात जाऊन बसला. लागलं काही नाही. पण पेंढ्यात बसल्या बसल्या त्यानं फर्मान काढलं, की यापुढे आढ्यावर बसेल तो न प्यायलेला पाहिजे. बाकीचे वाशांवर, त्यांनी प्यावी.

न प्यायलेला असा पाड्यात एकच पुरुष होता.

त्याला बोलावणं गेलं, आणि तो गेला. रोज दुपारपर्यंत गाडी बंद ठेवून तो एकेका घराच्या आढ्यावर बसला. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असली तरी कागदपत्रांच्या कामाला मला जावं लागायचं, त्यामुळे आमची त्या काळात फार गैरसोय झाली. मावशी तर त्याच्या देवाला किनाऱ्यावरच्या भाषेत बरंच काही म्हणाली. मी त्याला विचारलं, तीन पावसाळे हे लोक तुमच्या घराकडे फिरकले नाहीत, आणि तुम्ही एका हाकेत कसे गेलात?

"शत्रूवर प्रेम करा असं आम्हाला सांगितलंय, बाई."

"बरं."

"आणि हे तर शत्रू पण नाहीत. काका आहे, चुलतभाऊ आहेत." त्यानं हॉर्न वाजवला. समोर काही नव्हतं. "ते जास्त कठीण आहे."

त्यानं बदल्यात काही मागितलं नाही. माझं घर कधी, असंही विचारलं नाही. बायकोनंही विचारलं नाही, पण ती रोज आभाळाकडे बघायची, हे तो सांगायचा. सगळी घरं झाली. एक राहिलं.

तो रविवार होता. शाळेचं काम नव्हतं, तरी मी गेले, आणि माझ्यासारखीच मावशीही पाटीशिवाय आली होती. पहिल्यांदाच मला तिच्या पायांचा आकार समजला. ड्रायव्हरच्या बायकोनं भात रांधला होता, बोंबलाचं कालवण केलं होतं, आणि मोठ्या टोपात चहा ठेवला होता. कैनादच्या बायका कौलं झाडायला आल्या होत्या. तो अधू पायाचा माणूस शिडी धरून उभा होता. छपरावर चढायला कुणी नव्हतं. चहा एकदा उकळला, दुसऱ्यांदा उकळला. ड्रायव्हरची बायको चुलीपाशी तोंड वळवून बसली. कोणावर ओरडत होती ते तिचं तिला माहीत.

मग काका आला, एकटाच. त्यानं छपराला एक चक्कर मारली, वासे ठोकून पाहिले आणि अंगणात बसला.

"ताडी नाय?"

"नाय, काका," पुतण्या म्हणाला.

"तुझी झाडं उभी आहेत."

"झाडं आहेत. ताडी नाय. चहा आहे."

काकानं कुंपणाकडे पाहिलं. पाड्याकडून इतर माणसं कुंपणापाशी येऊन थांबली होती. त्याचं काय ठरतं ते बघत होती.

"हे बघ," काका म्हणाला, "माझ्या आढ्यावर तू बसलास. मी नाय चढलो तर माझी पाड्यात काय राहिली?" मग सुनेकडे वळून, "साखर तरी जास्त टाक. एवढी टाक की प्यायलोय असं वाटलं पायजे."

तिनं डबाच उलटा केला.

दिवसभर काम झालं. एकाही माणसानं ताडी घेतली नाही. सूर्य कलल्यावर काका खाली उतरला, कुंपणाच्या बाहेर आपल्या बांधावर जाऊन बसला, आणि तिथे त्याच्या मुलानं आणून ठेवलेलं त्याचं स्वतःचं मडकं काढलं. बाकीचेही कुंपण ओलांडून तिकडे गेले. अंगण सोवळं राहिलं. ड्रायव्हरच्या बायकोनं उरलेले बोंबील भाजले आणि ताटली कुंपणावरून पलीकडे दिली. चुलत सासऱ्याला देताना डोक्यावर पदर होता. मावशीनं तिकडे बघून मला विचारलं, आपण कुठल्या बाजूला बसायचं? आम्ही चहाच्या बाजूला बसलो. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही, आणि आता डॉक्टर पिऊ देणार नाहीत.

पुढच्या सभेत वक्त्यांनी ही गोष्ट साक्ष म्हणून सांगितली. त्यांच्या सांगण्यात पूर्ण पाड्यानं एका दिवसात ताडी सोडली, मडकी फोडली आणि काका रडला. ड्रायव्हर मांडवात पुढेच बसला होता. मी त्याला विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? तो म्हणाला, कुंपण लांबून दिसत नाही, बाई.

मी शेवटची त्या घरी गेले ती भर पावसात. ती खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. खोकला नव्हता. वर, कौलांच्या खाली, काकानं तो फ्लेक्स अंथरला होता. काकाला वाचता येत नाही; पांढरी बाजू वर असली की घर कमी तापतं एवढं त्याला माहीत होतं, म्हणून अक्षरं आतल्या बाजूला आली आहेत. खाटेवर आडवं झालं की विश्वासणाऱ्यांवर दुःख का येते, हे सरळ डोळ्यांसमोर दिसतं. मी तिला विचारलं, रोज वाचतेस का. ती म्हणाली, चष्मा काढला की दिसत नाही.

त्या पावसात घर एकाच जागी ठिबकलं. फ्लेक्स वाशाला पक्का बसावा म्हणून काकानं वक्त्यांच्या कपाळावर खिळा ठोकला होता. त्याच्या बरोबर खाली चहाचा टोप ठेवलेला आहे.